बाण लपवला त्या दिवसापासून

हे माझ्यासमोर घडलं आहे. कोणाच्या मित्राच्या मामाचं नाही, कुठून ऐकलेलं नाही. माझं नाव हलीमा. तेव्हा मी पांढरकवड्याला राहायचे, आता नागपूरला असते. ज्यांना खरं वाटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. सुरुवातीला मलाही खरं वाटलं नव्हतं.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात.

ही भर दुपारी घडली. खिडक्या उघड्या होत्या. खाली हायवेवरून हैदराबादकडे ट्रक चालले होते.

२००६ साल. दिवाळी होऊन गेली होती. कापूस फुटला होता.

खाली माझ्या नवऱ्याचं, नौशादचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. वरच्या एकाच मोठ्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात टीव्हीवाल्यांच्या गाड्या सारख्या फिरायच्या. कापसापायी शेतकरी जीव देत होते, ते सगळ्या देशाला माहीत होतं. आमच्याकडे मात्र त्याचा उलटा परिणाम झाला. क्लास भरला. जो तो बाप यायचा आणि एकच सांगायचा, "मॅडम, पोराले वावरात नाई घालाचं. कॉम्प्युटर शिकवा."

मी टायपिंग आणि बाकीचं शिकवायचे. प्रोग्रामिंग शिकवायला नयन होता. मारेगावचा. शेतकरी घरातला, बी.एस्सी. झालेला, हुशार. बोलायला गोड, पण एक खोड होती. काही लपवायचं असलं की तो समोरच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघून बोलायचा.

पोरांना गोडी लागावी म्हणून नयननं व्हिज्युअल बेसिकमध्ये एक साधा गेम बनवायला घेतला. नाव ठेवलं 'वेचणी'.

हिरवी पराटी, म्हणजे कापसाचं झाड. तिच्यावर बोंडं फुटतात. बोंडावर माउस नेऊन क्लिक केलं की कापूस तुटतो. कॉम्प्युटरच्या पेटीतल्या छोट्या स्पीकरमधून आवाज येतो... टक. उशीर झाला की कापूस खाली पडून काळा होतो.

बस, एवढंच.

पोरं वेडी झाली. ज्या पोरांना सुट्टीच्या दिवशी वावरात वेचायला नेलं की पोटात दुखायचं, ती इथं रांग लावून कापूस वेचत होती.

पण नयनचं समाधान होईना.

"मॅडम, बाणानं कापूस येचणं बरोबर दिसत नाई. हात पाह्यजे."

त्यानं पेंटमध्ये हात काढून पाहिला. तो वांग्यासारखा दिसत होता. पोरं हसली. तेवढ्यात धनीबाई झाडू घेऊन आत आली.

धनीबाई आमच्याकडे झाडझूड करायची. जवळच्याच तांड्यावर राहायची. हंगामात सकाळी क्लास झाडून ती वावरात वेचायला जायची. वय पन्नाशीच्या आत, पण हात म्हातारे. बोंडाची टोकं लागून लागून बोटांच्या कडा चिरलेल्या. उजव्या तळहातावर आडवा, जुना व्रण.

नयन उठला. "धनीबाई, तुमचा हात द्या ना जरा."

"कायले?"

"फोटो काढतो."

"लोक तोंडाचा फोटो काढते. हाताचा काहून?"

तरी तिनं दिला. बांगड्या वर सरकवल्या आणि स्कॅनरच्या काचेवर हात ठेवला. खालून उजेडाची पट्टी सरकत गेली. तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

स्क्रीनवर हात हळूहळू उतरत आला. आधी बोटांची टोकं. मग पेरं. मग तो व्रण.

धनीबाईनं स्क्रीनकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे, उलटा-पालटा करून.

"दोन झाले," ती म्हणाली.

आणि झाडायला लागली.

*

नयननं तो हात कापून गेममध्ये बसवला. माउस हलवला की हात हलायचा. पण एक अडचण झाली. हातासोबत माउसचा तो पांढरा बाणही दिसत होता. तळहाताच्या बरोबर मधोमध. जणू बाण हातातून आरपार गेला आहे.

"हा बाण लपवावा लागते," नयन म्हणाला.

त्यानं मला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. बाण लपवायला एका ओळीचा हुकूम असतो. लपव. पुन्हा आणायचा असला की दुसरा हुकूम. दाखव. कॉम्प्युटर हे हुकूम मोजत राहतो. दोनदा लपवला तर दोनदा दाखव म्हणावं लागतं, तेव्हा बाण परत येतो.

"पण लपवला म्हणजे गेला असं नाई मॅडम," तो हसून म्हणाला. "असते तो तिथंच. फक्त आपल्याले दिसत नाई."

त्यानं ती ओळ लिहिली. गेम चालू केला.

बाण नाहीसा झाला.

राहिला फक्त हात.

दुपारच्या बॅचची पोरं त्या दिवशी उठायलाच तयार नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी धनीबाई आली ती मनगट दाबत. मी विचारलं तर म्हणाली, "काल दुपारून हात भरून आला. येचून येचून येते तसा."

"मग वेचलंच असेल ना."

"काल तं वावरात गेलीच नाई मी. सोयरे आलते घरी."

मी लक्ष दिलं नाही. थंडीचे दिवस, वय झालेलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. सकाळी हात बरा असायचा. दुपारी, पोरांची बॅच सुरू झाली की तिचा हात दुखायला लागायचा. बॅच सुटली की हळूहळू थांबायचा. सरकारी दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरनं हात वाकवून पाहिला, गोळ्या दिल्या. काहीच निघालं नाही.

एक दिवस तिनं झाडू खाली ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, तो हात काढून टाका त्या डब्यातून."

"अहो, तो फोटो आहे."

"फोटो तं फोटो. पोरं त्याच्यानं खेळते अन् हात माया दुखते."

मला खरं सांगायचं तर संशय आला. क्लासची वेळ तिला माहीतच होती. कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं असणार. बहुतेक नयननंच. त्याला असल्या गमतीची सवय होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता.

मग धनीबाई जे बोलली, त्यानं मी थोडी थांबले.

"काल मधातच थांबला हात. एकदम. कोणी सोडून देल्ल्यावानी. दिवे लागाच्या टायमाले पुन्हा सुरू झाला."

काल चौकातली डीपी उडाली होती. लोडशेडिंगची वेळ नव्हती ती. दुपारीच लाइट गेली आणि संध्याकाळी आली. आल्यावर दोन पोरं हट्टानं खेळत बसली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं लाइट गेली म्हणून?" मी विचारलं.

"कोन सांगन? आमच्या तांड्यावर तं तारच नाई आली अजून. अन् काल सकाळी झाडून गेली, मंग गावात पायच नाई ठेवला."

तिच्या तोंडावर काही मागण्याचा भाव नव्हता. भांडणाचाही नव्हता. ती फक्त थकलेली दिसत होती.

मी नयनला सांगितलं, आजच्या आज तो हात काढ.

त्याला राग आला. इतका चांगला दिसत होता गेम. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई, असं कसं बोलून राह्यल्या?"

"नयन, काढ."

त्यानं काढला. माझ्यासमोर चित्राची फाइल उडवली. हाताच्या जागी एक टोपली बसवली. बाण लपवायची ओळ मात्र तशीच ठेवली, कारण टोपलीवरही बाण नको होता.

मला वाटलं, संपलं.

*

तो गुरुवार होता. पोरांच्या शाळेत काही कार्यक्रम होता, म्हणून दुपारची बॅच नव्हती. नयन खाली चहा प्यायला गेला होता. मी टेबलावर फीच्या पावत्या लावत बसले होते.

खोलीत मी एकटीच.

पंखा बंद होता. खालून नौशादच्या दुकानातला हातोडीचा आवाज तेवढा येत होता.

आणि मग...

टक.

मला वाटलं, खालून आला.

टक.

नाही. खोलीतूनच.

मी मान वर केली. कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू होता. 'वेचणी' उघडी होती. पराटी, फुटलेली बोंडं. माझ्या बघता बघता एक बोंड रिकामं झालं.

टक.

मी उठून जवळ गेले. माउस उलटा पडला होता. त्याच्या पोटातली रबरी गोळी कोण्या पोरानं खेळायला काढून नेली होती, ती नेहमीची चोरी होती. गोळीशिवाय माउस चालतच नाही.

टोपली एका कोपऱ्यात स्थिर. बाण नाही. हात नाही.

दिसत काहीच नव्हतं.

पण वेचणं चालू होतं.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोरं खेळतात तेव्हा उड्या मारतात. जिथं बोंड फुटेल तिथं धावतात. हे तसं नव्हतं. हे ओळीनं चाललं होतं. एका झाडाचं वरून खाली... मग शेजारचं झाड... मग त्याच्या शेजारचं. संथ. वावरात बाया वेचतात तसं.

मी जिन्यातून नयनला हाक मारली. तो आला आणि दारातच थांबला.

"हे तू घातलंस ना?" मी म्हणाले. "आपोआप खेळायचं काहीतरी?"

"नाई मॅडम."

"खरं सांग."

"आईची शपथ. मी असं काई नाई लिहिलं."

त्यानं गेम बंद केला. मला एक-एक ओळ दाखवली. मलाही थोडंफार वाचता येत होतं. तसं काही नव्हतं. पुन्हा गेम चालू केला.

थोडा वेळ शांत.

टक.

नयननं मागची माउसची वायरच काढली.

टक.

आता तो घाबरला.  "बाण आणतो वापस," तो पुटपुटला. "कुठं हाये ते तरी दिसन." त्यानं वायर परत लावली, लपवायची ओळ खोडली, तिच्या जागी दाखव लिहिलं. गेम चालवला.

बाण आला नाही.

त्यानं तीच ओळ पुन्हा लिहिली, आणखी एकदा. नाही आला. मग त्यानं दाखव, दाखव, दाखव असं शेकड्यांनी चालत राहील असं काहीतरी केलं.

स्क्रीन तशीच. बोंडं एकामागून एक रिकामी होत होती.

"असं होतच नाई," नयन हळू आवाजात म्हणाला. "प्रोग्राम बंद केला की सगळं पुसून जाते. नव्यानं मोजते तो. मंग इतक्या वेळा लपवलं कोणं?"

 मी प्लग ओढला.

त्याच संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, त्यानं अख्खा गेम त्या मशीनमधून काढून टाकला. बाकीच्या मशीनमध्येही बघितलं. मी नौशादला सगळं सांगितलं. आम्ही घरात हिंदी बोलतो, पण तो काय म्हणाला ते मराठीत सांगते. तो म्हणाला, "मोटारीत करंट कुठून येतो ते सापडेपर्यंत आम्ही वायर कापत नाही हलीमा. तुम्ही आधी वायर कापली."

*

धनीबाई यायची बंद झाली होती. तिला निदान सांगावं, हात काढला म्हणून, असं मला वाटलं. ती उमरीच्या रस्त्याला एका वावरात वेचायला जाते असं कळलं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी त्या बाजूच्या ऑटोत बसले आणि वावराशी उतरले.

ऊन होतं. सगळं वावर पांढरं. दहा-बारा बाया कमरेला ओट्या बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. धनीबाई सगळ्यांच्या मागे पडली होती. तिनं उजवा हात ओढणीत बांधून गळ्यात अडकवला होता. डाव्या हातानं वेचत होती.

"काढला तुमचा हात," मी म्हणाले. "सगळा गेमच काढून टाकला. आता नाही दुखणार."

ती बांधावर बसली. मला पाणी विचारलं.

"बाई, गये गुरुवारी एक येगळंच झालं."

"काय?"

"त्या दिवशी हात बिलकुल नाई दुखला. चांगला चालला. दिवसभर येचलं मी या हातानं. अन् सांजच्याले ओटीत पाह्यलं तं अर्धाच कापूस. बाया म्हने, धनी, तू झोपली होती काय? मी नाई झोपली. मी येचत होती. बोटाले कापूस लागत होता माया. मंग गेला कुठी?"

गुरुवारी.

मी तिला काहीच सांगितलं नाही. आमच्या खोलीत त्या दुपारी ओळीनं रिकामी होत गेलेली बोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली. ती इथं वेचत होती आणि कापूस तिथं तुटत होता.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "संपलं आता ते."

 

तिनं खाली पाहिलं.

ओढणीतला हात... हलला.

आधी बोटं. मग मनगट. मग तो हात ओढणीतून बाहेर आला. तिनं काढला नाही, मी शपथेवर सांगते. तिचा चेहरा दुसरीकडे होता, खांदा मागे ओढलेला होता, आणि हात पुढे चालला होता. समोर झाड नव्हतं. रिकाम्या हवेत बोटं जवळ आली, चिमूट झाली, पीळ दिला, सोडलं. लगेच दुसरीकडे. वर. खाली. एकदम डावीकडे. ओळीनं नाही.

उड्या मारत.

पोरं खेळतात तसं.

"धरा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "धरा बाई, तुटून राह्यला खांदा."

मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. मी काही नाजूक बाई नाही. पण तो हात मला ओढत होता. मध्येच थांबायचा, जणू कोणी क्लिक करायची वाट बघतंय. पुन्हा झटका.

बाकीच्या बाया वेचायच्या थांबल्या होत्या. कोणी जवळ आलं नाही. एकीनं तोंड फिरवलं.

किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग हात ढिला पडला. माझ्या हातात त्याची बोटं थरथरत राहिली. गरम होती.

"तुमी तं काढला म्हनता," धनीबाई म्हणाली.

माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात संशय होता. मला तो सहन झाला नाही. कारण माझ्या मनातही तोच होता, फक्त माझा नयनवर होता. त्यानं एक प्रत ठेवली आहे. आता या क्षणी तो क्लासमध्ये बसून खेळतो आहे. मला पक्कं वाटलं.

मिळेल त्या ऑटोनं मी परत आले. जिना चढले. खोलीला कुलूप.

खाली दुकानात नयन नौशादसमोर स्टुलावर बसला होता.

"कुठे होतास तू?"

नौशादनं मान वर केली. "इथंच आहे हा. तू गेलीस तेव्हापासून. तेव्हाच लाइटही गेली ना, वर बसून काय करणार?"

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर सगळ्या दुकानांत अंधार होता. कुठेतरी जनरेटर चालल्याचा आवाज येत होता.

पांढरकवड्यात लाइट नव्हती.

मग खेळत कोण होतं?

*

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बॅचेस एकत्र बसवल्या आणि सरळ विचारलं. कोणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून सोनू उभी राहिली. बारावीची पोरगी, सगळ्यांत हुशार.

"मॅडम, मी फ्लॉपीवर नेलता."

"कोणता? टोपलीचा?"

"नाई. हातवाला."

मग एकेक हात वर झाले. जवळजवळ सगळ्यांनीच नेला होता. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांनीही नेला होता, मावशीकडे, काकाकडे, कोणाच्या दुकानात. सोनूनं यवतमाळच्या हॉस्टेलवर आपल्या आतेबहिणीला दिला होता.

"तिनं कोणाला दिला?"

"तिच्या रूमवर सगळ्याच खेळते मॅडम. अमरावतीच्या पोरीपण घेऊन गेल्या म्हने."

नयन भिंतीला टेकून उभा होता.

त्यानं धावपळ केली, ते मी नाकारत नाही. बसनं यवतमाळला गेला. वणीला गेला. पिशवीभर फ्लॉप्या घेऊन आला. आम्ही दुकानाच्या मागे नौशादच्या हातोडीनं त्या फोडल्या. पण फ्लॉपी फोडली म्हणजे प्रत गेली असं थोडंच असतं? कोणाच्या मशीनमध्ये होता, कोणी सीडीवर घातला होता, कोणी आपलं नाव टाकून पुढे दिला होता.

शेवटची फ्लॉपी फुटल्यावर मी नयनला विचारलं, "आणि तू? तुझ्याकडे?"

"नाई मॅडम."

तिथं स्क्रीन नव्हती. तो हातोडीकडे बघत होता.

*

धनीबाई क्लासमध्ये पुन्हा कधी आली नाही. मी दोनदा तांड्यावर गेले. एकदा ती भेटली. हात कापडानं खाटेच्या खुराला बांधून बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमी नका येत जाऊ बाई. तुमी आल्या की पोरं मले इचारते, हाताले का झालं म्हनून." दुसऱ्यांदा गेले तर झोपडीला कवाड लावलेलं होतं. सगळं घर कामाला बाहेरगावी गेलं, असं शेजारणीनं सांगितलं. कोणत्या गावी, ते तिला माहीत नव्हतं, किंवा मला सांगायचं नव्हतं.

उन्हाळ्यात नयनला पुण्यात नोकरी लागली. जाताना पेढे घेऊन आला. वर्षभरानं मी क्लास बंद केला. कारण विचारलं की मी लोकांना लोडशेडिंग सांगायचे.

आता शेवटचं सांगते. हे सांगायचं की नाही यावर मी खूप विचार केला.

काही वर्षांनी मी यवतमाळच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट बघत होते. एक तरुण बाई माझ्याकडे सारखी बघत होती. मग जवळ आली.

"तुमी कॉम्प्युटरवाल्या बाई ना? पांढरकवड्याच्या?"

ती धनीबाईची सून होती. सासू गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली, म्हणाली. ताप आला होता. तीन-चार दिवस अंथरुणाला होती. सकाळी गेली.

मी म्हटलं, "वाईट झालं."

ती तिथंच उभी राहिली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बाई, तुमाले एक इचारू? याडी, माही सासू, गेली थे पक्कं होतं. डॉक्टर आलता, त्यानं पाह्यलं. अंग थंडं पडलं होतं. तोंडावर आमी कापड टाकलं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "पन हात नाई थांबला."

मला गाडीचा भोंगा ऐकू आला. मी हलले नाही.

"चादरीखाली चालूच होता. येचत होता. लोकं उठून बाहेर गेले. माया मालकानं हातावर हात ठेवला, तरी चालूच. दुपार झाली. अंघोळ घालाची कशी? उचलाचं कसं? आमी बसून राह्यलो. चार-साडेचाराले एकदम थांबला. कोणी सोडून देल्ल्यावानी. मंग नेलं तिले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या इथंच लागलं ना तिले ते?"

मी गाडीकडे वळले. 

नागपूरला पोचल्यावर मी नयनचा नंबर शोधला. मारेगावला त्याच्या वडिलांना, वामनरावांना फोन करून घेतला. ते खुशीत होते. पोरगा मोठ्या कंपनीत आहे म्हणाले, पोळ्याला सुट्टी घेऊन घरी आला होता म्हणाले.

मी नयनला फोन लावला. त्यानं आवाज लगेच ओळखला. खुशाली विचारली, नौशादचं विचारलं. पूर्वीसारखाच गोड बोलत होता.

मी म्हणाले, "नयन, धनीबाई गेली."



कशानं गेली, हे त्यानं विचारलं नाही. कधीपासून आजारी होती, तेही नाही.

"कोणत्या दिवशी मॅडम?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"का रे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "सकाळी गेली? नक्की सकाळीच?"

मी हो म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. नंतर मी कितीतरी वेळा लावून पाहिला. तो नंबर आता लागत नाही. वामनरावांनाही मी पुन्हा विचारलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारभर, मारेगावच्या त्या घरात नयन काय करत बसला होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.